ऐंशी स्लाइड्स आणि एक कार्ड

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या एका जुन्या चुकीपासून करतो. ती चूक नसती तर या इतिहासाच्या वाटेला मी गेलोच नसतो.

काही वर्षांपूर्वी मी पुण्यात एका कंपनीत रिफंडच्या टीममध्ये होतो. ग्राहकाची तक्रार आली की तपासायची, पटली तर पैसे परत पाठवायचे, एवढंच काम. त्या वर्षी वरून एक भलंमोठं फ्रेमवर्क आलं. मोजून ऐंशी स्लाइड्स. पहिल्या स्लाइडवर पिरॅमिड, दुसऱ्यावर बाण, तिसऱ्यावर बाणांचं वर्तुळ. ग्राहक केंद्रस्थानी ठेवा, प्रोसेसची मालकी घ्या, सतत सुधारणा करा. खरं सांगू का, त्यात चुकीचं काहीच नव्हतं. पण सोमवारी सकाळी दहा वाजता स्क्रीनवर तीनशे तक्रारी उघड्या पडल्या की त्यातलं काय करायचं, हे कुठल्याच स्लाइडवर नव्हतं.

त्याच महिन्यात लातूरचा एक मुलगा टीममध्ये आला. पहिलीच नोकरी. त्याला शिकवायची जबाबदारी माझ्यावर होती. मी त्याला ऐंशी स्लाइड्सची फाइल पाठवली, वीस मिनिटं शेजारी बसवून भराभरा क्लिक करून दाखवलं आणि म्हटलं, "काही अडलं तर विचार."

आता त्या कामात एक मेख होती. कधी कधी बँक स्वतःच पैसे परत फिरवते. ते दुसऱ्या एका टॅबमध्ये दिसतं. तो टॅब बघितल्याशिवाय बटण दाबलं, तर ग्राहकाला पैसे दोनदा जातात. मला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की आपण तो टॅब बघतो हेसुद्धा माझ्या लक्षात येत नसे. मग मी ते सांगणार कसं? त्या मुलाने एका दुपारी कितीतरी रिफंड दोनदा पाठवले. मीटिंग झाली. मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "सांगितलं होतं मी त्याला." तो प्रोबेशनवर होता. महिनाअखेरीस त्याला काढलं.

"सांगितलं होतं मी त्याला." हे वाक्य मला आजही टोचतं. पुढे कधीतरी वाचताना कळलं, की नेमक्या याच वाक्यावर एका सरकारी खात्याने महायुद्धाच्या धामधुमीत उपाय शोधला होता. तो उपाय खिशात मावत होता. आजची गोष्ट त्या उपायाची आहे.

स्टॉपवॉच घेऊन आलेले लोक

गोष्ट युद्धाच्या थोडी आधी सुरू होते. 1911 साली अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांचं वैज्ञानिक व्यवस्थापनावरचं पुस्तक आलं. आज आपण ज्याला 'बिझनेस प्रोसेस' म्हणतो, त्या विचाराचा एक मोठा झरा तिथे आहे. टेलर यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक कामाचा नीट अभ्यास करा, ते करायची सगळ्यात चांगली पद्धत शोधा, ती लिहून काढा आणि सगळ्यांना तशीच शिकवा.

ऐकायला पटतं ना? मलाही पटतं. पण टेलर यांच्या मांडणीत विचार करणारे वेगळे आणि काम करणारे वेगळे. पद्धत ठरवायची ती नियोजन खात्याने. कामगाराने ती फक्त पाळायची.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बॉस्टनजवळच्या वॉटरटाउन इथल्या सरकारी शस्त्र कारखान्यात ही पद्धत ओतकाम विभागात पोहोचली. एक माणूस स्टॉपवॉच घेऊन साचे बनवणाऱ्या कारागिरांच्या मागे उभा राहिला. एका कारागिराने सांगितलं, माझ्यावर घड्याळ लावायचं नाही. त्याला कामावरून काढलं आणि बाकीचे कारागीर हत्यारं खाली ठेवून बाहेर पडले. संप थोडे दिवसच चालला, पण प्रकरण थेट अमेरिकी संसदेपर्यंत गेलं. चौकशी समिती बसली, खुद्द टेलर यांची साक्ष झाली. शेवटी 1915 साली संसदेने सरकारी शस्त्र कारखान्यांत स्टॉपवॉच वापरायला बंदीच घातली.

गंमत बघा. फ्रेमवर्कमध्ये तथ्य होतं, तरी ते जमिनीवर उतरताना मोडलं. ज्याच्या हातात काम आहे त्याला कुणी काही विचारलंच नाही, हे त्याचं कारण. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जहाजं, एक शिक्षक आणि चार पायऱ्या

1917 साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. सैन्य आणि सामान अटलांटिकपलीकडे न्यायचं तर जहाजं हवीत, आणि जहाजं बांधायची तर माणसं हवीत. जहाजबांधणीतल्या कामगारांची संख्या झपाट्याने कितीतरी पटींनी वाढवायची होती. रिव्हेट ठोकणारा, पत्रा वाकवणारा माणूस एरवी उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं राहून तयार व्हायचा. तेवढी वर्षं होती कुणाकडे?

हे प्रशिक्षण उभं करणाऱ्यांत चार्ल्स अॅलन हे मॅसॅच्युसेट्स राज्यातले औद्योगिक शिक्षणातले जाणकार होते. त्यांनी कारखान्यातल्या शिकवण्याच्या चार पायऱ्या केल्या. आधी शिकणाऱ्याची तयारी करून घ्या. मग काम मांडून दाखवा. मग त्याला करायला लावा. शेवटी तपासून बघा. 1919 साली या विषयावर त्यांचं पुस्तक आलं.

या चार पायऱ्या आल्या कुठून, तेही मजेशीर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात योहान फ्रीडरिश हर्बार्ट नावाचे एक जर्मन तत्त्वज्ञ होऊन गेले. त्यांचा मुद्दा असा होता की नवीन ज्ञान हवेत टिकत नाही, माणसाला आधीपासून जे माहीत आहे त्याला ते जोडावं लागतं. हा मुद्दा त्यांनी जड तात्त्विक भाषेत मांडला होता. त्यांच्या शिष्यपरंपरेने त्याच्या शाळेतल्या शिक्षकांसाठी पायऱ्या केल्या. अॅलन यांनी त्या पायऱ्या वर्गातून उचलून गोदीत नेल्या. म्हणजे एका तत्त्वज्ञाचा विचार पत्रे वाकवणाऱ्यांपर्यंत पोहोचला, पण दर टप्प्यावर कुणीतरी तो थोडा थोडा छोटा करत गेला.

युद्ध संपलं आणि गरजही ओसरली.

पुन्हा युद्ध, पुन्हा माणसांचा तुटवडा

जून 1940 मध्ये फ्रान्स पडला. अमेरिका अजून युद्धात नव्हती, पण कारखान्यांना युद्धसामग्रीच्या ऑर्डरी यायला लागल्या. ऑगस्ट 1940 मध्ये सरकारने एक छोटी सेवा सुरू केली. नाव 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री'. आपण तिला टीडब्ल्यूआय म्हणू. ती चालवायला उद्योगांतून चार माणसं आली: चॅनिंग डूली, वॉल्टर डीट्झ, माइक केन आणि विल्यम कॉनोव्हर. डूली तेलकंपनीतले, डीट्झ वेस्टर्न इलेक्ट्रिकचे. यांच्यातल्या काहींनी पहिल्या महायुद्धातलं प्रशिक्षण जवळून पाहिलं होतं. अॅलन यांच्या चार पायऱ्या ते विसरले नव्हते.

सुरुवातीला टीडब्ल्यूआयने तेच केलं जे कुठलाही सल्लागार करतो. कारखान्यात जायचं, अडचण समजून घ्यायची, सल्ला द्यायचा, पत्रकं पाठवायची. लवकरच लक्षात आलं की हे पुरं पडणार नाही. कारखाने हजारो, सल्ला देणारे मूठभर, आणि सल्ला ऐकून मान डोलावणारे जास्त, वागणारे कमी.

त्याच सुमाराला भिंगांचं संकट आलं. तोफा, दुर्बिणी, विमानं, सगळ्यांना घासून गुळगुळीत केलेली भिंगं लागतात. भिंग घासणारे कारागीर मात्र फार थोडे, आणि हे काम शिकायला वर्षं लागतात असं सगळेच मानायचे. टीडब्ल्यूआयच्या लोकांनी कारखान्यात उभं राहून ते काम पाहिलं. कळलं असं, की 'भिंग घासणं' म्हणजे एक काम नाहीच. ती वेगवेगळ्या कामांची मोळी आहे. त्यातली काही कामं नवखा माणूसही पटकन शिकू शकतो. आणि जी खरोखर अवघड आहेत, त्यांत अवघड काय आहे? तर काही मोजक्या जागा. तिथे हात कसा ठेवायचा, किती दाबायचं, कधी थांबायचं. उस्तादाच्या हाताला ते ठाऊक असतं, तोंडाला नसतं.

काम सुटं केलं, त्या मोजक्या जागा नेमक्या शोधल्या आणि त्या शिकवण्यावर भर दिला. वर्षांची गोष्ट महिन्यांवर आली.

आपल्याकडे अशा जागेला छान शब्द आहे: ग्यानबाची मेख. इंग्रजीत त्यांनी तिला 'की पॉइंट' म्हटलं. माझा तो दुसरा टॅब आठवतोय ना? तो रिफंडच्या कामातला की पॉइंट होता, आणि मला तो सांगता आला नव्हता.

गाठ

या अनुभवातून पहिला कोर्स तयार झाला. नाव 'जॉब इन्स्ट्रक्शन', म्हणजे काम शिकवायचं कसं. एकूण दहा तास. दोन-दोन तासांची पाच सत्रं. समोर साधारण दहा सुपरवायझर, मुकादम, फोरमन. भाषणं कमी आणि करून बघणं जास्त.

त्यातला पहिल्या सत्रातला एक प्रयोग मला फार आवडतो. लोंबकळणाऱ्या दिव्याच्या होल्डरमध्ये वायरीच्या दोन टोकांची एक खास गाठ मारतात. दिव्याचा भार त्या गाठीवर येतो, स्क्रूवर येत नाही. प्रशिक्षक एका सुपरवायझरला पुढे बोलवायचा आणि ही गाठ कशी मारायची ते नुसतं तोंडाने सांगायचा. उजवं टोक घ्या, असं वळवा, मागून न्या. मग म्हणायचा, मारा. जमायची नाही.

मग दुसऱ्याला बोलवायचा. या वेळी तोंड बंद, नुसतं करून दाखवायचा. मग म्हणायचा, मारा. त्यालाही जमायची नाही.

मग प्रशिक्षक चार पायऱ्यांनी शिकवायचा. माणसाला मोकळं करायचं, त्याला काय येतं ते विचारायचं, आणि त्याला आपल्या समोर नाही तर बाजूला उभं करायचं, म्हणजे उलटं दिसत नाही. एका वेळी एक पायरी सांगत, दाखवत जायचं आणि मेख कुठे आहे ते ठासून सांगायचं. मग त्याला करायला लावायचं. पुन्हा करायला लावायचं, आणि या वेळी करता करता मेख त्याच्याच तोंडून वदवून घ्यायची. त्याला समजलंय याची आपली खात्री होईपर्यंत हे चालू ठेवायचं. शेवटी त्याला एकट्याला सोडायचं, पण अडलं तर कुणाकडे जायचं त्या माणसाचं नाव सांगून. आणि मधूनमधून चक्कर मारायची.

हे सगळं एका छोट्या कार्डावर छापलं होतं. एका बाजूला शिकवण्याची तयारी, दुसऱ्या बाजूला या चार पायऱ्या. शेवटी एक ओळ होती. तिचा अर्थ असा: समोरचा शिकला नसेल, तर तुम्ही शिकवलेलंच नाही.

ही ओळ वाचल्यावर मी फोन खाली ठेवला होता. "सांगितलं होतं मी त्याला," म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांसाठीच ती छापली असणार.

दोन रकान्यांचा कागद

कार्डाबरोबर एक कागद असायचा. त्यावर दोन रकाने. डावीकडे कामाच्या महत्त्वाच्या पायऱ्या, उजवीकडे प्रत्येक पायरीची मेख. मेख ओळखायची कशी? तीन प्रश्न. हे चुकलं तर काम बिघडेल का? माणसाला इजा होईल का? यात काही अशी खुबी आहे का, की ज्यामुळे काम सोपं जातं? तीनपैकी एकाला जरी 'हो' आलं, तर ते उजव्या रकान्यात. नाहीतर लिहायचंच नाही. कागद लांबलचक झाला की कुणी वाचत नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

माझ्या मते या गोष्टीचं सगळं मर्म इथे आहे. कार्ड देशभर एकच होतं. त्यात फेरफार करायची मुभा नव्हती. प्रशिक्षकांना तर बजावलेलं असायचं, की आपल्या आठवणीवर भरवसा ठेवू नका, समोर पुस्तिका ठेवूनच सत्र घ्या. पण कागद मात्र प्रत्येकाचा वेगळा. तो वॉशिंग्टनहून छापून येत नव्हता. ज्या सुपरवायझरच्या हाताखाली ते काम चालतं, त्याने स्वतः काम करून बघत तो लिहायचा. कोर्समध्ये प्रत्येकाला आपल्या कारखान्यातलं एक काम आणून सगळ्यांसमोर शिकवून दाखवावं लागे.

टेलर यांच्या वेळी पद्धत वरून आली आणि तपशीलही वरून आले. इथे वरून आली ती फक्त विचार करायची रीत. तपशील जागेवर भरले गेले. म्हणून तेच कार्ड विमानाच्या कारखान्यातही चाललं आणि जहाजाच्या गोदीतही. आज आपण 'रीयूझेबल वर्कफ्लो' म्हणतो ना, ते याहून फार वेगळं नाही.

पुढे अशीच आणखी दोन कार्डं निघाली. 'जॉब मेथड्स', म्हणजे काम सुधारायचं कसं. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने हालचालींच्या अभ्यासाचं मोठं शास्त्र उभं केलं होतं. त्या परंपरेतली समज इथे साध्या प्रश्नांत आली: ही पायरी हवीच का? ती दुसरीत मिसळता येईल का? क्रम बदलता येईल का? सोपी करता येईल का? तिसरं कार्ड 'जॉब रिलेशन्स', म्हणजे माणसांशी वागायचं कसं. आधी खरं काय घडलं ते गोळा करा, मग तोलून ठरवा, मग पाऊल उचला, मग परिणाम बघा. आमच्या त्या मीटिंगमध्ये हे कार्ड कुणाच्या खिशात असतं तर बरं झालं असतं.

पसारा वाढला तो साखळीने. एक रीत पक्की करायची, ती शिकवणारे तयार करायचे, त्यांनी आणखी शिकवणारे तयार करायचे, आणि त्यांनी सुपरवायझरना शिकवायचं. पुरुष आघाडीवर गेले होते आणि कारखान्यांत कधी पाऊल न ठेवलेल्या लाखो स्त्रिया कामावर येत होत्या. त्यांना शिकवणारा मुकादम कालपर्यंत साधा कामगार होता. अशा माणसाला ऐंशी स्लाइड्स देऊन काय होणार? त्याला कार्ड हवं होतं. सप्टेंबर 1945 मध्ये ही सेवा बंद झाली, तोवर सोळा हजारांहून जास्त कारखान्यांत मिळून सुमारे साडेसतरा लाख प्रमाणपत्रं दिली गेली होती.

कार्ड जपानला जातं

युद्ध संपलं. अमेरिकेचे कारखाने शाबूत होते, जगभरातून मागणी होती, बनवाल ते विकलं जात होतं. कार्ड हळूहळू खणात गेलं.

जपानची गोष्ट उलटी. शहरं बेचिराख, कारखाने मोडलेले. ताबा असलेल्या अमेरिकी प्रशासनाला जपानी उद्योग पुन्हा उभा करायचा होता. टीडब्ल्यूआयची पुस्तकं तिथे पोहोचली, आणि 1951 साली लोवेल मेलन यांच्या नेतृत्वाखाली प्रशिक्षकांची एक छोटी तुकडी अमेरिकेहून गेली. शिकवायला शिकवणाऱ्यांची तीच साखळी जपानी भाषेत सुरू झाली.

त्या काळात टोयोटाची अवस्था बिकट होती. 1950 साली पैशांची चणचण, कामगार कपात, मोठा संप आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांचा राजीनामा, एवढं सगळं एका वर्षात झालं होतं. अशा वेळी टोयोटाने ही कार्डं उचलली, आणि ती सोडली नाहीत. तिथे ताइइची ओनो यांच्या पुढाकाराने 'प्रमाणित काम' घडत होतं: कामाच्या जागी लावलेला साधा कागद, त्यावर कामाचा क्रम, प्रत्येक नगाला मिळणारा वेळ आणि हाताशी ठेवायचा माल. ओनो यांचा आग्रह असा, की हा कागद जागेवरच्या लोकांनी लिहायला हवा. आणि तो बरेच दिवस बदलला नसेल, तर सुधारणा थांबली आहे असं समजा. टोयोटाचा 'कैझेन' जगभर गाजला, त्याच्या मुळांमध्ये अभ्यासक जॉब मेथड्सचं नाव घेतात.

आपलंही एक नातं आहे या साखळीशी. गावाकडच्या लग्नाला तुम्ही इनोव्हाने गेला असाल. ती गाडी बंगळूरजवळच्या बिडदीला बनते. 1997 साली स्थापन झालेल्या या कंपनीच्या नावात टोयोटाबरोबर किर्लोस्कर आहे. तेच घराणं, ज्यातल्या लक्ष्मणरावांनी 1910 साली सांगली भागातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली.

आणि परत घरी

आता शेवटचा प्रसंग. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी, भांडणं, खराब गाड्या यांसाठी तो बदनाम होता. 1982 साली तो बंद झाला. 1984 साली टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तिथेच 'नुम्मी' नावाचा कारखाना सुरू केला. कामगार बरेचसे तेच, जुने, 'बेशिस्त' म्हणून गाजलेले. त्यांच्यातल्या शेकडो जणांना शिकायला जपानला पाठवलं. बघता बघता त्याच हातांनी चांगल्या गाड्या बनायला लागल्या. खोट माणसांत आहे असं म्हणणारे गप्प झाले.

या प्रशिक्षणाची तयारी जपानमध्ये चालू होती, तेव्हा टोयोटात जॉन शुक नावाचे एक अमेरिकी काम करत होते. त्यांनीच पुढे सांगितलेली ही आठवण आहे. त्यांना वाटत होतं, आपण अमेरिकी लोकांना एक खास जपानी पद्धत शिकवणार आहोत. तेव्हा जपानी सहकाऱ्याने फायलींतून एक जीर्ण झालेली पुस्तिका काढून समोर ठेवली. ती इंग्रजीत होती. अमेरिकेची टीडब्ल्यूआयची मूळ पुस्तिका. एवढा खर्च करून टोयोटा जे अमेरिकेला शिकवायला निघाली होती, ते अमेरिकेनेच तिला शिकवलं होतं.

मला यात हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं. अमेरिकेकडे कार्ड होतं. त्यांनी ते हरवलं नाही, फक्त वापरायचं थांबवलं. आणि नुम्मी डोळ्यांसमोर असूनही जनरल मोटर्सच्या बाकीच्या कारखान्यांत ही रीत रुजायला फार वर्षं गेली. तक्ते, फलक, शब्द उचलता येतात. शेजारी उभं राहून शिकवणारा माणूस मात्र प्रत्येक ठिकाणी नव्याने घडवावा लागतो.

मग मी काय केलं?

पुढच्या नोकरीत माझ्याकडे पुन्हा नवीन लोक शिकायला आले. तिथेही फ्रेमवर्क होतं, तिथेही पिरॅमिड होता. या वेळी मी त्याच्याशी भांडलो नाही. त्यातली एकच ओळ घेतली, ग्राहकाचे पैसे वेळेवर आणि बरोबर गेले पाहिजेत ही, आणि स्वतःला विचारलं, ही ओळ आमच्या टीममध्ये नेमक्या कुठल्या कामात घडते किंवा बिघडते? एक काम निवडलं. एकच. दोन रकाने आखले आणि ते काम सावकाश करत, प्रत्येक क्लिकला थांबून लिहीत गेलो. डावीकडे सात पायऱ्या झाल्या. उजवीकडे चारच मेखा. तिसरी मेख होती, आधी बँकेचा टॅब बघा. शेजारी कारणही लिहिलं, कारण नुसतं 'बघा' लिहिलं तर माणूस घाईत गाळतो, का ते कळलं तर गाळत नाही.

मग टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीला शेजारी बसवलं. मी केलं, मग तिने केलं, मग तिने मला समजावत केलं. दुसऱ्या फेरीत ती पाचव्या पायरीला थांबली आणि म्हणाली, "दादा, हे इथे कशाला? हे आधी केलं तर परत मागे यावं लागणार नाही." तीन वर्षं मी ते उलट्या क्रमाने करत होतो. कागदावर खाट मारली, तिच्याच हस्ताक्षरात नवीन क्रम लिहिला, खाली तारीख टाकली. आता तो कागद तिचा आहे. ती पुढच्याला शिकवते.

तुमच्याही ऑफिसात, दुकानात, गणपती मंडळात कुणीतरी नवीन येत असेल. त्याचं काही चुकलं की "सांगितलं होतं" हे वाक्य आपसूक ओठांवर येतं. ते म्हणायच्या आधी एकदा आठवून बघा: मी सांगितलं होतं, की दाखवलं होतं, की त्याच्याकडून करून घेतलं होतं? आणि अडलं तर कुणाला विचारायचं, हे नाव घेऊन सांगितलं होतं का?

लातूरच्या त्या मुलाला मी मागच्या वर्षी मेसेज केला. लिहिलं, की चूक तुझी नव्हती, मी शिकवलंच नव्हतं. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही, आणि यावंच असा माझा हक्कही नाही.

एवढंच आजच्या भागात. तुमच्या कामातली एखादी मेख, जी कुठेच लिहिलेली नाही पण तुमच्या हाताला माहीत आहे, ती मला लिहून पाठवा. आणि मला पाठवायच्या आधी ती तुमच्या शेजारी बसलेल्या नव्या माणसाला सांगा. भेटू पुढच्या भागात.